उंबऱ्याबाहेरचे पीठ

“हे कोनाच्या हातचं हाये?”

ओठांशी नेलेला पेला फुलवंतामायनं तसाच अधांतरी थांबवला आणि मुलाकडे पाहिलं. कमरेचं हाड मोडून, आत सळई घालून, गोंदियाच्या दवाखान्यातून नुकतीच घरी आणलेली ती म्हातारी... उशांच्या ढिगाऱ्यात तिचं अंग एवढंसं दिसत होतं. पण आवाजातली धार मात्र तसूभरही कमी झाली नव्हती!

“कोनाच्याच हातचं नाई, माय. डब्ब्यातलं हाये. ताकतीचं पावडर. डॉक्टरनं लिहून देल्लं,” खुमेंद्र म्हणाला.

“डब्ब्यात का आपोआप गेलं थे? कोनी तरी भिजवलं असंल, कोनी तरी आटवलं असंल. कोन होती थे? कोनत्या घरची?”

खुमेंद्रनं पेल्यासाठी हात पुढे केला. तो धानाच्या शेतात दिवसभर राबणारा, घरात आल्यावर कोणाचंच मन मोडू न शकणारा माणूस. त्यानं पेला घेतला आणि बाहेर आणून परछीतल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, ओट्यावर ठेवला. तिथे, आतल्या घराच्या उंबऱ्याला लागून, भिंतीशी टेकून दुलारी उभी होती. तिला सारं ऐकू आलं होतं... दवनीवाड्याच्या या घरात ती बारा वर्षं अशीच ऐकत आली होती, उंबऱ्याच्या अलीकडून!

आतल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कुळाच्या देवाची चौरी होती. शेणामातीनं सारवलेला छोटासा ओटा, त्यावर रोज सांजेला दिवा आणि ओट्याला लागूनच एक चूल. त्या चुलीला हात लावायचा तो घरच्या सासूनं, लग्नानं आलेल्या सुनेनं किंवा घरच्या कुमारी लेकीनं. पुरुषानं नाही, लग्न होऊन दुसऱ्या गोत्रात गेलेल्या लेकीनं नाही आणि पाटानं आलेल्या बाईनं तर मुळीच नाही. दुलारी पाटानं, म्हणजे पुनर्विवाहानं, आलेली होती. देवरीकडच्या एका गावी तिचं पहिलं लग्न झालं होतं. कपाळावरचं कुंकू वर्षभरही टिकलं नाही. पुढे एकोणीसशे नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात, पहिली बायको वारलेल्या खुमेंद्रनं तिला पाट लावून घरी आणलं. फुलवंतामायनं तिला ओवाळलं, नवं लुगडं दिलं आणि परछीत एक गॅसची शेगडी मांडून दिली. “हे तुहं राज्य. उंबऱ्याच्या आत पाय टाकजो नको, बाई.” तेवढंच बोलली. रागानं नव्हे, अगदी मऊ आवाजात बोलली!

तो मऊपणाच दुलारीला अधिक जाळत असे. राग असता तर भांडता आलं असतं. पण सासूच्या मनात राग नव्हता, भीती होती. खूप वर्षांपूर्वी सासूच्या पाटानं आलेल्या जावेनं, दूध उतू जातंय म्हणून, धावत जाऊन त्या चुलीवरचं भांडं उतरवलं होतं. त्याच पावसाळ्यात सासूचा थोरला लेक ओमेश्वर तापानं गेला. चार वर्षांचं लेकरू! तेव्हापासून म्हातारी त्या चुलीवर शिजल्याशिवाय दुसरं अन्न तोंडात घालत नव्हती. तिच्या हिशेबी तो खुमेंद्रच्या आणि नातीच्या जिवाचा पहारा होता. दुलारीला हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला सासूचा तिरस्कारही करता येत नव्हता... केवढी ही कोंडी!

गोठ्यात पाय घसरून सासू पडली, आणि त्या कोंडीचं आणखी एक दार बंद झालं. चौरीपुढून हलणार नाही असा हट्ट धरून म्हातारीनं आपली खाट आतल्या स्वयंपाकघरातच टाकून घेतली; सांजेचा दिवा पडल्या पडल्या हात लांबवून तीच लावी. मलमूत्राचं भांडं लावणं, काढणं, अंग पुसणं, कूस बदलणं ही कामं मात्र दुलारीकडे आली. तेवढ्यापुरती दोघं-तिघं मिळून खाट उचलून परछीत आणत आणि काम झालं की पुन्हा आत नेऊन ठेवत. दुलारीच्या हातांनी सासूची विष्ठा काढली जात होती; त्याच हातांचा घास मात्र चालत नव्हता. हात राखेनं घासताना दुलारी कधी कधी त्यांच्याकडे बघत राही.

फळाला आणि कच्च्या दुधाला कोणाचा हात लागत नाही, म्हणजे विटाळ होत नाही, असा म्हातारीचा नेम. त्यामुळे ती केळी आणि दूध यांवर जगत होती. सोनिका, दुलारीच्या वारलेल्या सवतीची मुलगी, कॉलेजातून आली की चौरीच्या चुलीवर तांदळाची पेज करून देई. आजीच्या लाडात वाढलेल्या त्या एकोणीस वर्षांच्या पोरीला चहा आणि भात यापलीकडे काही येत नव्हतं. पट्टी बदलायला आलेल्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“जखम भरत नाही. अंगात प्रोटीनच नाही, तर मांस कशानं भरणार? डाळी पोटात जाऊ द्या. सालासकट डाळी, भरड धान्य, पालेभाजी... पोट साफ होत नाही त्यावरही तेच औषध. नुसत्या पेजेवर राहिल्या तर या खाटेवरून उठायच्या नाहीत.” आणि मग आवाज खाली आणून ते खुमेंद्रला म्हणाले, “जखम चिघळली, तर माझ्याही हातात काही राहणार नाही.”

पडलेली माय बघायला मुर्रीहून रविता आली होती, खुमेंद्रची धाकटी बहीण. तिखट जिभेची, पण आईवर जीव टाकणारी. तिनं लगेच पदर खोचला. “सरका, मी करतो वरन-भात. मी का परकी हाये?”

“तुहं गोत्र बदललं, बाई,” खाटेवरून आवाज आला.

“आँ? माह्या हातचं पन नाई? मी या चुलीवर लहानाची मोठी झाली ना व, माय!”

“झाली. मंग आमीच तुले लोटून देल्लं दुसऱ्याच्या घरी. आता तू पावनी. बस, केळं खा.”

रविताचं तोंड पाहून सोनिकाला हसू आवरेना. परछीत दुलारीच्याही ओठांवर हसू आलं होतं, पण रविताची नजर तिकडे वळताच ते विझलं. “हासा! हासा! माय मरून राहिली अन् तुमाले हासू सुचते!” रविता फणकारली.

त्या दुपारी दुलारी परछीत कोदो, म्हणजे कोद्र्याचं भरड धान्य, निवडत बसली होती. माहेरून, देवरीकडून, भावानं पाठवलेले ते बारीक दाणे सुपात फिरत होते आणि तिचं मनही तसंच एका जागी गरगर फिरत होतं... डाळ सालासकट हवी, पण म्हातारीला दात नाहीत. भरड धान्य हवं, पण ते घशाखाली उतरायला हवं. तिच्या आजीनं म्हातारपणी मुगाच्या आणि कोदोच्या चिल्यांवर वर्षं काढली होती. धिरड्यासारखे मऊ, हिरवट, वाफेवर फुगलेले चिले! पण डाळ भिजवायची म्हटली की पाणी आलं, आणि पाणी आलं की हात लागला... पाणी!

सूप तसंच खाली ठेवून ती उठून उभी राहिली. कोरड्या धान्याला हात लागत नाही! बाजारातून आणलेला तांदूळ, गिरणीवरून आलेलं पीठ सासू खातच होती. पाणी पडेपर्यंत ते कोणाचंच नव्हतं. मग पाणी पडेपर्यंत ते दुलारीचं का असू नये?

तिनं हिरवे मूग सालासकट घेतले, हरभऱ्याची डाळ घेतली, कोदो घेतला. जवस भाजलं असतं तर खमंग झालं असतं, पण भाजणं म्हणजे आग. म्हणून ते उन्हात टाकलं. मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला सावलीत वाळवून हातानं चुरला. सारं गिरणीतून दळून आणलं, दोनदा बारीक करून. हिरवट, जवसाचा वास येणारं ते पीठ तिनं डब्यात भरलं आणि उंबऱ्याच्या आत, हात पुरेल तेवढ्या अंतरावर, ठेवून दिलं.

“ऐका,” सोनिकाला ती म्हणाली. पोरीशी ती नेहमी अशीच बोलत आली होती, जपून, नात्याचं नाव न घेता. पोरही तिला कशानंच हाक मारत नसे. “याच्यात पानी टाकून चिला करून द्या आजीले. पान्याआधी मी, पान्यानंतर तुमी.”

सोनिकानं डबा उघडून आजीला दाखवला. म्हातारीनं चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन चोळलं. “कोरडं हाये,” ती म्हणाली. “चालते.”

“पन आजी, गिरनीवाल्याचं गोत्र इचारलं का?”

“चूप बस, पोट्टे!”

पहिल्या दिवशी सोनिकानं पाणी टाकलं, ढवळलं आणि लगेच तव्यावर ओतलं. चिला वरून करपला, आत रवाळ राहिला. म्हातारीनं तरीही तो खाल्ला. नातीच्या हातचा पहिलाच होता. दुसऱ्या दिवशीही खाल्ला. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात अशी कळ उठली की ती खाटेची पाटी धरून विव्हळू लागली!

रविता परछीत धावत आली. तिचे डोळे लाल झाले होते.

“काय मिसळलं तुनं त्या पिठात? खरं सांग! लाखोळी टाकली ना? मायचे पाय कायमचे जावे म्हनून!”

लाखोळीच्या डाळीनं पाय लुळे पडतात, हे त्या भागातल्या पोराटोरांनाही ठाऊक. दुलारीचा चेहरा पांढराफटक पडला. एका क्षणात तिची बारा वर्षांची सेवा, बारा वर्षांचं मौन, सारं कोणी तरी उकिरड्यावर ओतावं तसं झालं!

“रविताबाई... असं बोलू नका जी...”

“मंग काऊन दुखून राहिलं मायचं पोट?”

दुलारीनं उंबऱ्याआतला डबा हात लांबवून ओढला. डब्यात हात घालून तिनं मूठभर कोरडं पीठ काढलं आणि तोंडात कोंबलं. ते टाळूला चिकटलं, घशात अडकलं, ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. तरी ती गिळत राहिली. दुसरी मूठ भरणार तोच खुमेंद्रनं तिचा हात धरला. “बस कर व... बस कर!” रविता आत निघून गेली.

आणि त्या ठसक्यातच दुलारीला उमगलं. तिचा स्वतःचा घसा पाण्यासाठी आक्रोश करत होता! सासू पाणीच पीत नव्हती. भांडं लागू नये, दोघा-तिघांना खाट उचलावी लागू नये, सुनेला पुन्हा पुन्हा बोलवावं लागू नये, म्हणून ती दिवसभर दोन घोटांवर राहत होती. एवढी सालं, एवढा कोंडा पोटात जाऊन पाण्याविना तो दगड झाला होता. लाज! साऱ्याचं मूळ ती लाज होती...

भांडं लावताना दुलारी तिच्या कानाशी म्हणाली, “माय, पानी पीत जा. मले कितीक खेप बोलवा, मी थकत नाई.”

म्हातारीनं मान वळवली. “तुले बोलवाले जीव होत नाई माहा.”

“काऊन?”

“कोन्या तोंडानं बोलवू?”

दुलारीनं तिचं लुगडं नीट केलं. मग तिनं सोनिकाला आतल्या माठातलं पाणी आजीला पाजायला सांगितलं.

त्या दिवसापासून दुलारी उंबऱ्याशी बसू लागली. पाय बाहेर, नजर आत. तिथून तिला चूल दिसे, तवा दिसे, सोनिकाचा उजवा हात दिसे. खाट चुलीच्या पलीकडे होती. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडलेली असे, पण ऐकत असे.

“पानी एकदमच टाकजो नको. थोडं-थोडं. बोटानं गाठी फोड. हं... आता झाकून ठेव अन् अभ्यासाले बस.”

“केवढा वेळ?”

“पीठ सांगते. झाकनी काढली का वरचं पानी दिसलं नाई पाहिजे. दान्यानं सारं पिऊन घेतलं का मंग थे पोटात पानी मांगत नाई.”

घड्याळाचे काटे पुढे सरकत. पीठ फुगे. सोनिका पुन्हा पाणी घालून ते पळीवरून सरसर सांडेल इतकं सैल करी. वांग्याचं देठ तेलात बुडवून तव्यावर फिरवी.

“तवा लाल होऊ देजो नको. पान्याचा शितोडा टाक. नाचला? मंग टाक पीठ. हात मधातून बाहेर फिरव, आवाज नको करू... झाकन! झाकन ठेव लवकर, वाफेनं मऊ पडते थो. बाई, कडा सोडेपर्यंत धीर धर! कायले उचकटून राहिली?”

“फाटला...”

“फाटू दे. फाटका पोटात जाऊन जुडते.”

सोनिका हसली. आणि हसता हसता, अगदी सहज, म्हणाली, “मावशी, दुसरा तू पाह्य बरं, कसा गोल करतो!”

मावशी! बारा वर्षांत पहिली हाक... दुलारीनं घाईघाईनं पदराचं टोक तोंडावर धरलं. “धूर हाये,” ती पुटपुटली. खाटेवरची म्हातारी जराशी हलली. धूर तर सारा आतच होता, परछीकडे येत नव्हता.

आठवडे गेले. रोजचे दोन चिले, सोबत ताक आणि तांब्याभर पाणी. म्हातारीचं पोट वाहतं झालं, गालांचे खड्डे थोडे भरले. डॉक्टरांनी पट्टी उघडून पाहिली आणि त्यांना बरं वाटलं. “भरतेय. आता थांबू नका. हे असंच महिनाभर गेलं, तर आधारानं उभं करू यांना.” रविता त्या दिवशी मुर्रीहून आली होती. तिनं दुलारीच्या हातात मुकाट्यानं पेढ्यांचा पुडा ठेवला. माफी तिच्या जिभेला येत नव्हती. पुडा देऊन मोकळी झाली.

पण दुलारीच्या नशिबी सुख सरळ चालत येणारं नव्हतंच!

त्या सकाळी सोनिकाला कॉलेजची घाई होती. चुलीत लाकूड ओलं होतं. ती वाकून फुंकत होती, आणि लाकूड सरकलं, तवा कलंडला. तो पडू नये म्हणून पोरीनं हातच पुढे केला! उघडा तळहात लाल तव्याला चिकटला. तिच्या तोंडून जी किंकाळी फुटली, ती ऐकून परछीतली कबुतरं उडाली.

दुलारीला पुढचं काही आठवत नव्हतं. उंबरा कधी ओलांडला, चौरीजवळून कशी गेली, चुलीत पाय पडला का... काहीच नाही. तिला आठवत होतं ते एवढंच, की पोरीचं मनगट तिच्या मुठीत होतं, देवाजवळच्या माठातलं पाणी ती त्या हातावर ओतत होती, ओततच होती, आणि म्हणत होती, “काही नाई बाई... काही नाई माह्या वाघिनी...” माठ रिकामा झाला. सोनिका तिच्या छातीशी डोकं टेकवून हुंदके देत होती.

मग दुलारीनं वर पाहिलं.

खाटेवरून फुलवंतामाय तिच्याकडे पाहत होती. त्या डोळ्यांत संताप नव्हता. त्या डोळ्यांत एक चार वर्षांचं पोर तापानं तडफडत होतं...

दुलारी शहारली. तिचे ओले पाय चौरीच्या सारवणावर उमटले होते. चुलीला, माठाला, देवाला तिनं विटाळलं होतं! पोरीला पाठीशी घालून ती मागे मागे सरत परछीत आली.

खुमेंद्रनं सोनिकाला गोंदियाला नेऊन हाताला पट्टी बांधून आणली. दोन आठवडे आगीपासून दूर राहायचं होतं. इकडे म्हातारीनं सांगितलं, की चूल थंडच राहू द्या. तिनं केळंही घेतलं नाही, दूधही नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिची नजर सारखी सोनिकावर होती. पोरगी जरा शिंकली तरी म्हातारी उशीवरून मान उचले. “ताप पाहा व तिचा... कपाळ पाहा...” तेवढंच म्हणे.

आणि दुलारी? तिचीही तीच गत होती! पोर झोपली, की ती हळूच तिच्या कपाळाला हात लावून बघे. त्या जुन्या भीतीवर तिचा विश्वास नव्हता, निदान तिला तसं वाटत आलं होतं. पण आता, पावलं उमटल्यावर, विश्वास ठेवणं न ठेवणं तिच्या हाती राहिलं नव्हतं. देवा, शिक्षा द्यायची तर मला दे... या लेकराच्या केसालाही धक्का लावू नको!

तिसऱ्या दिवशी जखमेतून पुन्हा पाणी येऊ लागलं. रविता धावत आली, आईकडे पाहून आली आणि परछीत दुलारीसमोर उभी राहिली. सोनिका आणि खुमेंद्रही तिथेच होते.

“हे पाह्य, वहिनी,” रविता दबक्या आवाजात म्हणाली. वहिनी हा शब्दही नवाच होता. “चूल सोनिका सारवून घेईल. तू इथं शेगडीवर चिले कर. थेच आत नेऊन देईल. म्हनेल, का डाव्या हातानं मीच केले चुलीवर. मायची नजर मंद हाये, तिले का समजते?”

“मी नेतो,” सोनिका लगेच म्हणाली. “नाई तं मी खरंच डाव्या हातानं करतो, मावशी.”

“आगीजवळ जाजो नको तू!” दुलारी कडाडली. मग रविताकडे वळून म्हणाली, “थे माह्यानं होनार नाई.”

“काऊन नाई? माय मरून राहिली!”

“मले दिसते ना, बाई! माह्यासारखी कोनाले दिसत असंल? तिची जखम मी धुतो रोज.” दुलारीनं उंबऱ्याकडे बोट दाखवलं. “पन तिनं एवढ्या वर्षांत मले कधी फसवलं नाई. तोंडावर सांगतलं, इथं ये नको. अन् मी तिले फसवू? उद्या या पोरीले साधा ताप आला, अन् तिले समजलं का घास माह्या हातचा होता... थे स्वतःले माफ नाई करनार, रविताबाई. तिच्या पोटात अन्न जाईल, पन जीव जळून जाईल तिचा. पोरीसाठी एक खेप तिच्या डोळ्यांसमोर उंबरा ओलांडला. तिच्या पाठीमागं नाई ओलांडनार. तिनं मागतलं, तं माहा जीव देतो... पन चोरून घास नाई देनार!”

बोलता बोलता ती खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून ओक्साबोक्शी रडू लागली. बारा वर्षांत त्या परछीनं तिचं असं रडणं कधी ऐकलं नव्हतं.

आतून खाट करकरली.

“खुमेंद्रा!”

“काय माय?”

“इकडं ये. माही खाट उचल.”

“भांडं पाहिजे का?”

“भांडं नाई. खाट बाहेर ने. परछीत. तिच्या शेगडीजवळ.” म्हातारीला धाप लागली होती, पण ती थांबली नाही. “मी आयकलं सारं. नजर मंद हाये, कान नाई! तिचा हात माह्या देवाच्या घरात चालत नाई ना? नाई तं नाई. मी तिच्या घरात येतो. थे तं कोन्या देवानं मना नाई केलं.”

दुलारीनं अश्रूंनी भिजलेला चेहरा वर उचलला आणि क्षणात तिला त्या बोलण्याचा अर्थ कळला. ती उंबऱ्याशी धावली, पण पाऊल आत न टाकता तिथेच गुडघ्यांवर बसली.

“माय, असं नका करू! माह्या हातचं खाल्लं तं तुमाले चौरीचा दिवा लावता येनार नाई. नव्या नवरीपासून लावत आल्या तुमी...”

“ठाऊक हाये मले.”

“मंग?”

फुलवंतामाय चौरीकडे पाहत राहिली. सारवणावरची पावलं आता वाळली होती, पण दिसत होती.

“ओमेश्वर गेला, तवा मी तिले घरातून हाकललं. माह्या जावेले. तिच्या पोटी लेकरू नोतं, थेच माह्या पोराले खेळवे. पोराच्या मयतीले पन येऊ देल्लं नाई मी तिले...” म्हातारीचा आवाज विरत गेला. “परवा तू पोरीचा हात धरून बसली होती, तवापासून मी तीन दिस वाट पाहून राहिली, देव आता काय करते. पोरगी हासून-खेळून राहिली. मंग मले समजत नाई व, दुलारी... मंग माहा ओमेश्वर काऊन गेला? अन् तिले मी काऊन हाकललं?”

रविता तोंडावर पदर धरून मुसमुसत होती. दुलारीला काहीतरी बोलावंसं वाटलं, सासूचं ते फार जुनं, फार खोल दुःख ओंजळीत धरावंसं वाटलं.

“दिवा सोनिका लावंल,” अखेर म्हातारी म्हणाली. “तिचं लगन होईपर्यंत. मंग देव पाहून घेईल, त्याले दिवा कोनाच्या हातचा पाहिजे. उचल गा खाट!”

खुमेंद्रनं आणि रवितानं खाट उचलली. उंबऱ्यावरून ती तिरपी करून काढावी लागली. म्हातारीनं दातओठ नव्हे, नुसते ओठ आवळून कळ सोसली. परछीत शेगडीजवळ खाट टेकली, आणि फुलवंतामायनं एकदाच मागे वळून चौरीकडे हात जोडले. मग तिनं तोंड फिरवलं ते दुलारीकडे.

दुलारीनं डबा घेतला. परातीत पीठ काढलं. तांब्या उचलला आणि तिचा हात थांबला. पुढे पाणी होतं! तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं मान हलवली.

पाणी पडलं.

पीठ झाकणाखाली फुगत होतं. सोनिका बांधलेला हात मांडीवर घेऊन आजीच्या पायाशी बसली होती. खुमेंद्र उगाचच बाहेर जाऊन बैलांना चारा टाकून आला. मग तवा तापला, शितोडा नाचला, पीठ पसरलं, झाकण पडलं. परछीभर जवसाचा आणि मुनग्याचा वास भरला. दुलारीनं पहिला चिला ताटात घेतला, फुंकून निववला, लहान तुकडा मोडला आणि तो सासूच्या तोंडाशी नेला, तोच म्हातारीनं तिचं मनगट धरून घास आपल्याच हातानं तोंडात ओढून घेतला.

ती हळूहळू चावत राहिली, हिरड्यांनी. सारे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं घास गिळला. कपाळाला आठी पडली.

“मीठ कमी टाकलं व,” ती म्हणाली. “बारा वर्सं झाली या घरात, अजून मिठाचा अंदाज आला नाई तुले!”

दुलारीनं मिठाचा डबा शोधायला मागे हात नेला. तो समोरच होता, पण तिला दिसत नव्हता.

“हो माय,” ती म्हणत होती. “चुकलं माहं, माय... चुकलं!”